बिनतारी गोल करवत

भवानी पेठेतील टिंबर मार्केटमधून जाताना गोल करवतींचा कर्कश आवाज तुम्ही ऐकला असेल. हीच करवत आता बॅटरीवर चालणारी, हातात धरण्याजोगी मिळते. तार नसल्याने ती निरुपद्रवी वाटते. पण गणित करून पाहा. पात्याचा व्यास १६५ मिलिमीटर व मिनिटाला ५००० फेरे धरले, तर दात्याचा वेग सेकंदाला सुमारे ४३ मीटर, म्हणजे ताशी १५५ किलोमीटर येतो. डेक्कन क्वीनही एवढी धावत नाही!

खरा धोका करवत मागे उसळण्याचा. पात्याचे दाते फळीच्या खालून पुढे सरकत वर येतात. म्हणून लाकडाची प्रतिक्रिया करवतीला आपल्याकडे ढकलते. फळी दोन्ही टोकांना टेकवून मधोमध कापली, की ती खाली वाकते, वरची चीर मिटते, पाते चिमटीत सापडते आणि न्यूटनचा तिसरा नियम क्षणात प्रत्ययास येतो. यासाठी फळीला कापाजवळ आधार द्यावा, सुटणारा तुकडा मोकळा पडू द्यावा आणि स्वतः पात्याच्या रेषेत उभे राहू नये. पाते फळीखाली सुमारे ६ मिलिमीटरच निघावे. खालचे झाकण आपोआप मिटते ना, हे आधी तपासावे. पाचर ठोकून ते उघडे ठेवणारे कारागीर मी पाहिले आहेत.

१८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ३,२४,००० जूल ऊर्जा असते. तेव्हा पाते बदलताना स्विच बंद करून भागत नाही, बॅटरीच काढावी. डोळ्यांवर चष्मा हवाच. विद्यार्थ्यांनी हे यंत्र स्वतः न चालवता जाणत्या कारागिराजवळ, अंतर राखून पाहावे. तो प्लायवूडची चांगली बाजू खाली का ठेवतो, हे दात्यांची दिशा आठवल्यास तुम्हीच सांगाल.