विचर्चिका : आधी निदान, मग चिकित्सा

वैद्यकव्यवसायात नित्य आढळणाऱ्या त्वग्विकारांत विचर्चिकेचे स्थान वरचे आहे. रुग्ण तिला इसब म्हणतो, कधी गजकर्ण म्हणतो, कधी नुसती ‘उष्णता’ म्हणतो. आणि पुष्कळदा आपणही ते नाव तपासून न पाहता औषधपत्र लिहू लागतो. या लेखात विचर्चिकेचा विचार करताना आधुनिकांनी वर्णिलेला ‘अ‍ॅटोपिक एक्झिमा’ हा प्रकार आम्ही प्रामुख्याने डोळ्यांसमोर ठेवला आहे. प्रारंभी आमच्या हातून घडलेली एक चूक नमूद करतो.

चार वर्षांची एक बालिका कंडू व पिडका या लक्षणांसाठी आणली गेली. आईस श्वासाचा इतिहास होता. कोपराच्या लवणीतील त्वचा पाहून आम्ही विचर्चिका ठरवली व तिक्तक घृत आणि बाह्य उपचार सुरू केले. तीन आठवडे झाले तरी उपशय नव्हता. चौथ्या भेटीस आजी सोबत आल्या आणि बोलता बोलता बोटांच्या बेचक्यात खाजवू लागल्या. तेव्हा कुठे आम्ही बालिकेची बोटे, मनगटे व नाभीचा परिसर नीट पाहिला. ती पामा, म्हणजे खरूज होती. घरातील पाचही जणांस एकाच दिवशी उपचार केले, कपडे व अंथरुणे उकळत्या पाण्यात धुवून घेतली आणि पुढील तीन आठवड्यांत सर्वांचा कंडू शमला. ‘घरात आणखी कोणाला खाज आहे का?’ हा एक प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला असता तर त्या बालिकेच्या कित्येक रात्री सुखाच्या गेल्या असत्या.

संप्राप्ती

चरकाचार्यांनी कुष्ठचिकित्सिताध्यायात क्षुद्रकुष्ठांत विचर्चिकेची गणना केली असून कंडू, श्याव वर्णाच्या पिडका व बहुस्राव ही तिची लक्षणे सांगितली आहेत. सुश्रुताचार्यांनी मात्र रेषा, अतिकंडू, वेदना व रूक्षता यांवर भर दिला आहे. वरकरणी हा मतभेद वाटतो. परंतु एकाच रुग्णात प्रकोपकाळी स्राव व जीर्णावस्थेत रूक्षता, जाडी व भेगा आढळतात, हे आपण रोज पाहतो. तीन दोष आणि त्वचा, रक्त, मांस व लसिका हे चार दूष्य, हा कुष्ठाचा सप्तक येथेही लागू होतो. काश्यपसंहितेच्या खिलस्थानात वर्णिलेला चर्मदल हा स्तनपायी बालकांचा विकारही या संदर्भात अवश्य अभ्यासावा.

२००६ मध्ये त्वचेच्या बाह्यस्तरातील ‘फिलॅग्रिन’ या प्रथिनाच्या जनुकातील दोष व हा विकार यांचा संबंध प्रकाशात आला. सर्वच रुग्णांत हा दोष नसतो. तथापि त्वचेचे संरक्षक आवरण दुर्बल झाल्याने तिच्यातील ओलावा उडून जातो व बाहेरील क्षोभक द्रव्ये आत शिरतात, हे आता सर्वमान्य आहे. म्हणूनच रूक्षता हे येथे केवळ लक्षण नसून व्याधीचे एक मूळ आहे.

निदान

१९९४ मध्ये ब्रिटनमधील तज्ज्ञांनी मांडलेले निकष चिकित्सालयात सहज वापरता येतात. कंडू असणे अनिवार्य आहे. त्यासोबत पुढीलपैकी तीन किंवा अधिक गोष्टी असाव्यात :

१) कोपर, गुडघ्याची लवण, मान, घोटे येथे पूर्वी विकार झाल्याचा इतिहास;
२) स्वतःस श्वास वा परागज प्रतिश्याय; चार वर्षांखालील बालकात माता, पिता वा भावंडांस तसा इतिहास;
३) गेल्या वर्षभरात सर्वांगाची त्वचा कोरडी असणे;
४) सांध्यांच्या लवणीत प्रत्यक्ष दिसणारा विकार; लहान बालकात गाल, कपाळ व हातापायांचा बाह्यभाग;
५) वयाच्या दोन वर्षांपूर्वी प्रारंभ (रुग्ण चार वर्षांहून लहान असल्यास हा निकष धरत नाहीत).

व्यवच्छेदक निदानात पामेचा विचार वर आलाच आहे. दद्रूत कडा उंच व मध्यभाग तुलनेने स्वच्छ असतो. मात्र स्टेरॉइडयुक्त मलम लावलेल्या दद्रूचे हे रूप पुसले जाते व तो पसरत जातो. डागावर स्पर्शज्ञान कमी असल्यास महारोगाची तपासणी करावी. प्रौढात विकार प्रथमच उद्भवला असेल तर व्यवसाय विचारावा. गवंड्याच्या हातावर सिमेंट, कपाळावर टिकलीचा चिकट पदार्थ, शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर, मानेवर व पापण्यांवर गाजरगवत ही कारणे आपल्याकडे वारंवार सापडतात. उतारवयात प्रथमच उद्भवून दीर्घकाळ न हटणाऱ्या चकत्यांत त्वचेच्या कर्करोगाची शंका ठेवून तज्ज्ञांकडून ऊतीपरीक्षण करवून घ्यावे.

चिकित्सा

बाह्य स्नेहन हा चिकित्सेचा पाया होय. कोमट पाण्याने पाच ते दहा मिनिटे स्नान करावे. साबण तसेच डाळीच्या पिठाने खसखसून चोळणे टाळावे. अंग हलके टिपून ओलसर असतानाच स्नेह लावावा. शतधौत घृत किंवा शुद्ध खोबरेल पुरेसे होते. फिलिपाइन्समध्ये ११७ बालकांवर झालेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शुद्ध खोबरेल तेल खनिज तेलापेक्षा सरस ठरले. स्रावी अवस्थेत मात्र तेलाचा थर देऊ नये. त्रिफळा वा खदिर क्वाथाच्या घड्या ठेवून स्राव आटल्यावर स्नेह सुरू करावा.

आभ्यंतर चिकित्सेत प्रौढांस अग्नी पाहून महातिक्तक घृत, मंजिष्ठादी क्वाथ व खदिरारिष्ट यांची योजना करावी. बल उत्तम असल्यास शोधनाचा विचार व्हावा; बालकात तीक्ष्ण शोधन टाळून शमनावरच भर द्यावा. विरुद्धाशन वर्ज्य करताना शिकरण, दूध-मासे असे संयोग थांबवावेत. परंतु वाढत्या मुलाचे दूध, अंडी, डाळी सरसकट बंद करून त्यास कृश करू नये.

काही गोष्टी निक्षून सांगणे आवश्यक आहे. तान्ह्या बाळास निंबतेल पोटात कदापि देऊ नये. त्याने झटके येऊन प्राणावर बेतल्याच्या नोंदी आहेत. बाकुचीने उन्हात त्वचा भाजते व यकृतासही अपाय होऊ शकतो. या व्याधीत तिचे प्रयोजनच नाही. हरताळ व मनःशिला असलेली मरिच्यादीसारखी तेले बालकाच्या फुटलेल्या त्वचेवर वापरू नयेत.

पूर्वीपासून स्टेरॉइड घेत असलेल्या रुग्णाचे औषध आपण एकाएकी बंद करू नये. पोटात घेण्याच्या गोळ्या अचानक तोडणे जीवावर बेतू शकते. ते औषध लिहिणाऱ्या चिकित्सकाशी बोलूनच ते क्रमशः कमी व्हावे. ज्वरासह एकसारख्या आकाराचे पाणीदार फोड वा खोल व्रण अकस्मात उठल्यास विषाणुसंसर्गाची शंका धरून त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.

औषधविक्रेत्यांस विनंती

स्टेरॉइड, बुरशीनाशक व जंतुनाशक यांच्या मिश्रणाची मलमे ‘खाजेचे मलम’ म्हणून मागितली जातात. २०१८ मध्ये केंद्र शासनाने त्वचेवर लावण्याची अनेक स्टेरॉइडे अनुसूची ‘एच’ मध्ये स्पष्टपणे आणली. ती औषधपत्राविना देऊ नयेत. घटकद्रव्ये, परवाना क्रमांक व निर्मितिदिनांक नसलेल्या डबीतील ‘जडीबुटीचे’ मलम दोन दिवसांत चमत्कार दाखवीत असेल तर तो चमत्कार वनस्पतीचा नसण्याचीच शक्यता अधिक. तशी डबी आपल्या कपाटात असू नये.

सारांश, त्वग्विकाराचा रुग्ण समोर येताच तीन प्रश्न विचारावेत : घरात आणखी कोणाला खाज आहे? प्रारंभ कोणत्या वयात झाला? आजवर काय काय लावले? यांची उत्तरे लिहून झाल्यावरच औषधपत्राकडे वळावे. त्या बालिकेने आम्हास हा पाठ दिला; आपणा सर्वांस तो तिच्याइतका त्रास कोणासही न होता उपयोगी पडावा, हीच इच्छा.