कावेरीच्या काठी

भीमा-नीरेच्या खोऱ्यात वाढलेल्या माणसाच्या मनात पावसाचे एक पंचांग लहानपणापासून ठसलेले असते. वैशाखाची काहिली सरते, रोहिणीचे वळीव पडतात, मृग निघतो आणि पेरणीची घाई उडते. आषाढ-श्रावणात ओढे-नाले भरून वाहतात आणि दिवाळीपर्यंत आकाश निवळून शेतात पिके उभी राहतात. हे पंचांग मनात घेऊनच सतराव्या शतकाच्या अखेरीस अनेक मराठी कुटुंबे दूर दक्षिणेस, कावेरीच्या काठी वसलेल्या तंजावरच्या मुलखात जाऊन राहिली. इ. स. १६७६ च्या सुमारास शहाजीराजांचे पुत्र आणि छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तेथे राज्य स्थापिले. त्यांच्यामागून शिलेदार आले, कारकून आले, भिक्षुक आले, आचारी आले. आणि या सर्वांच्या बायकामुलांनी आपापली पोथ्या-पुराणे, देव्हारे आणि पाटे-वरवंटे यांसह नव्या गावी संसार मांडले.

प्रथम त्यांचे हे पंचांगच कोलमडून पडले असले पाहिजे. मृग लागला तरी तंजावरचे आकाश कोरडेच राहते. आषाढात ढग येतात, परंतु अंगण धड भिजतही नाही. उलट दिवाळीच्या सुमारास, जेव्हा देशावर पिकांची कापणी व्हावयाची, तेव्हा या भागात ईशान्येकडून वारे सुटतात आणि पाऊस कोसळू लागतो. पहाटेच्या अभ्यंगस्नानाला बाहेर पाऊस, पणत्यांना वारा आणि फराळाच्या पदार्थांना ओल! ज्याने आपल्या गावाची दिवाळी डोळ्यांपुढे ठेवून ही दिवाळी पाहिली असेल, त्याला सारेच उलटे झाल्यासारखे वाटले असेल.

असा माणूस जर नदीकाठी गेला, तर तेथे मात्र त्याच्यासाठी एक नवल वाट पाहत होते. पाऊस नाही, ढग नाहीत, पायाखालची वाळू तापलेली. आणि अशा दिवसांत कावेरी दुथडी भरून येते. तमिळ पंचांगात आडी नावाचा महिना आहे. तो आपल्या आषाढ-श्रावणाच्या संधीवर, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत असतो. या महिन्याच्या अठराव्या दिवशी बायका नव्या पाण्याची पूजा करतात, हळद-कुंकू व फुले वाहतात आणि काठावर बसून निरनिराळ्या प्रकारचे भात खातात. या सणाला ‘आडिप्पेरुक्कु’, म्हणजे आडी महिन्यातील पाण्याची वाढ, असे नाव आहे. पाऊस न पडता पूर येणारी ही नदी पाहून नवा माणूस साहजिकच विचारणार, ‘हे पाणी आले तरी कोठून?’

त्याचे उत्तर ऐकून त्याला घरचे माणूस भेटल्याचा आनंद झाला असेल. कावेरी उगम पावते ती कोडगू प्रांतातील ब्रह्मगिरीवर, तलकावेरी येथे; आणि ब्रह्मगिरी हा सह्याद्रीचाच भाग आहे. मृगापासून जो पाऊस महाबळेश्वरास आणि भीमाशंकरास झोडपतो, तोच त्याच वाऱ्यांबरोबर कोडगूच्या डोंगरांवरही पडतो आणि नदीवाटे तंजावरच्या शेतांत पोहोचतो. ज्या डोंगराकडे पाठ फिरवून ही कुटुंबे आली, त्याच डोंगराचे पाणी येथे त्यांच्या पायांशी वाहत होते. पुढे १९३४ साली मेट्टूरचे धरण बांधून पूर्ण झाले. तेव्हापासून पाणी केव्हा व किती सोडावयाचे हे बहुतांशी माणूस ठरवितो, आणि ज्या वर्षी धरणातच पाणी थोडे असते, त्या वर्षी आडीचा सण कोरडा जातो. परंतु सण मोडलेला नाही.

पाण्याचे हे गणित एकदा उमगले म्हणजे त्या भूमीतील शहाणपणही दिसू लागते. तंजावरच्या पश्चिमेस कावेरीवर ‘कल्लणै’ नावाचा प्राचीन बंधारा आहे. करिकाल चोळ राजाने तो बांधला असे मानतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या बंधाऱ्यापासून पाणी अनेक फाट्यांतून वाटले जाते. डोंगरउतारावर पाणी अडविण्याची धडपड पाहिलेल्या मराठी शेतकऱ्याला, सपाट भूमीवर पाणी खेळविण्याची ही विद्या अगदी निराळी होती. ज्वारी-बाजरीची भाकरी मात्र येथे दुर्मीळ. जिकडे पाहावे तिकडे भाताची खाचरे, केळीच्या बागा आणि नारळ. भाकरीवाचून ज्याचे जेवण होत नसे, त्याला ते पहिले वर्ष कसे गेले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

जेवणाची गोष्ट निघाली म्हणजे सांबाराची आख्यायिका सांगितल्यावाचून कोणी राहत नाही. तंजावरच्या राजवाड्यात एकदा आमटीसाठी लागणारी आमसुले संपली. तेव्हा तेथील लोक वापरतात ती चिंच घालून आमटी केली गेली, आणि छत्रपती संभाजी महाराजांच्या नावावरून तिला सांबार म्हणू लागले, अशी ही कथा आहे. तिला समकालीन कागदपत्रांचा आधार सापडत नाही आणि संभाजी महाराजांच्या तंजावर-भेटीचाही पुरावा नाही. तेव्हा इतिहास म्हणून ती स्वीकारता येणार नाही. तथापि कोकणातील आमसुलावाचून अडलेल्या आचाऱ्याने शेजारच्या अंगणातील चिंचेकडे पाहावे, ही गोष्ट त्या मुलखातील घरोघर घडली असेल यात शंका कसली? याचा दाखला कथेत नव्हे, पण ताटात मिळतो. तंजावरच्या मराठी घरांत ‘डांगर पच्चडी’ नावाचा पदार्थ होतो. उडदाचे पीठ दह्यात कालवून, वर फोडणी देऊन तो करतात. त्याच्या नावातील पहिला शब्द महाराष्ट्रातून गेलेला आहे आणि दुसरा तेथल्या भाषांतला आहे. दोन्ही शब्द एकाच वाटीत सुखाने नांदत आहेत.

भाषेची अडचण मात्र चिंच-आमसुलाइतकी सोपी नव्हती. बाजारात तमिळ, पूर्वीच्या नायक राजांमुळे दरबारात तेलुगू, शास्त्री-पंडितांत संस्कृत आणि घरात मराठी, असा तो चार भाषांचा मुलूख होता. आपली मराठी सांभाळावयाची म्हणून इतर भाषांना दार लावून घेणे हा एक मार्ग होता. व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे यांनी तो पत्करला नाही. १६८४ ते १७१२ या काळात राज्य करणाऱ्या या राजाने तेलुगूत ‘पल्लकी सेवा प्रबंध’ रचला, आणि ‘पंचभाषाविलास’ नावाच्या एका नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी व हिंदी अशा पाच भाषा एकाच रंगभूमीवर आणल्या. त्या प्रदेशात यक्षगान नावाचा नाट्यप्रकार लोकांना प्रिय होता. त्याच्या धर्तीवर शहाजीराजांनी मराठीतही नाटके लिहिली. ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे त्यांपैकी एक होय. विष्णुदास भावे यांचा ‘सीतास्वयंवर’ हा खेळ सांगलीस झाला तो १८४३ साली. म्हणजे त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी मराठीत नाटक लिहिले गेले, ते महाराष्ट्रात नव्हे, तर कावेरीच्या काठी! परक्या गावी दिसलेली एक चांगली वस्तू उचलल्यामुळे आपल्याच भाषेच्या भांडारात किती मोलाची भर पडली, हे यावरून कळून येईल.

तंजावरात डोंगर नाही. क्षितिजापर्यंत सपाट गाळाची जमीन. किल्ल्यांच्या सावलीत वाढलेल्या शिलेदारांच्या नजरेला टेकावयास उंच असे काही असेल, तर ते म्हणजे राजराज चोळ याने बांधलेले बृहदीश्वराचे मंदिर. १०१० साली पूर्ण झालेल्या या मंदिराचे ग्रॅनाइटचे विमान सुमारे दोनशे फूट उंच आहे. दगड नसलेल्या मुलखात दुरून दगड आणून उभारलेला तो एक पर्वतच होय. त्याला ‘दक्षिणमेरू’ असे म्हटलेही आहे. भोसले राजे त्या मंदिराचे सेवक झाले. १८०३ साली दुसऱ्या सरफोजीराजांनी आपल्या वंशाचा इतिहास मराठीत लिहवून घेतला आणि तो याच मंदिराच्या प्राकारातील भिंतीवर कोरविला. चोळांच्या तमिळ शिलालेखांनी भरलेल्या त्या वास्तूत हा लांबलचक मराठी लेख आजही वाचावयास मिळतो. आपला इतिहास कोरण्यासाठी त्यांनी नवी इमारत बांधली नाही. आठशे वर्षांपूर्वी दुसऱ्याने बांधलेली भिंत त्यांना आपली वाटली.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हे लोक राज्यकर्ते म्हणून आले होते. हाती सत्ता, पदरी पंडित आणि कोठारात भात असता नव्या भूमीचे कौतुक करणे फारसे अवघड नाही. खरी परीक्षा सत्ता गेल्यावर व्हावयाची होती, आणि ती सरफोजीराजांच्याच वाट्याला आली. १७७७ साली जन्मलेल्या या राजाला १७९८ मध्ये गादी मिळाली आणि पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाच्या हुकमतीत उरला तो केवळ तंजावरचा किल्ला व त्याचा परिसर.

ज्याचे राज्य गेले त्याने रुसून बसावे, हे जगाच्या रीतीला धरूनच झाले असते. सरफोजीराजे लहानपणी श्वार्ट्झ नावाच्या जर्मन धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली शिकले होते. त्यांनी उरलेल्या किल्ल्यातच विद्येचे राज्य मांडले. नायकांच्या काळापासून चालत आलेला सरस्वती महाल हा ग्रंथसंग्रह त्यांनी अपार वाढविला. काशीयात्रेहून हस्तलिखिते आणविली, युरोपातून चार हजारांहून अधिक छापील ग्रंथ मागविले. आज त्या ग्रंथालयात ताडपत्रांवरील व कागदांवरील हजारो हस्तलिखिते आहेत. त्यांत संस्कृत सर्वांत अधिक असली, तरी मराठी हस्तलिखितेही तीन हजारांच्या घरात आहेत. ‘धन्वंतरी महाल’ या संस्थेत त्यांनी त्या भूमीतील सिद्धवैद्यकाच्या औषधांची आयुर्वेदाबरोबरच परीक्षा करविली आणि गुणकारी ठरलेली औषधे तमिळ पद्यांत बांधून घेतली. रोगी तमिळ, वैद्य तमिळ. मग औषधांचे ग्रंथ मराठीत लिहून उपयोग काय? मराठी मुलांसाठी मात्र त्यांच्या छापखान्यात देवनागरी खिळे जुळविण्यात आले, आणि १८०६ साली इसापाच्या गोष्टींचे ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी पुस्तक तेथे छापून निघाले.

परंतु सरफोजीराजांच्या मनाची खरी ओळख पटते ती छत्रांवरून. रामेश्वराच्या वाटेवर तंजावरच्या राजघराण्याने जागोजाग छत्रे बांधली होती. ओरत्तनाडु येथील मुक्तांबेच्या नावाचे छत्र त्यांपैकीच. राज्य हातचे जात असता राजाला चिंता पडली ती या छत्रांची. १८०१ साली त्यांनी कंपनीच्या अधिकाऱ्याला पत्र लिहून तेथील व्यवस्था तपशीलवार समजावून सांगितली. सर्व जातींच्या वाटसरूंना तेथे अन्न मिळते, आजाऱ्यांची शुश्रूषा होते, वाटेत अडलेल्या बाळंतिणींची काळजी घेतली जाते, मुलांना विद्या शिकविली जाते. तेव्हा एवढे तरी मोडू नये, अशी त्यांची विनंती होती. ज्यांचे पूर्वज एकेकाळी पाहुणे म्हणून या भूमीवर उतरले, ते आता येणाऱ्या-जाणाऱ्याला पान वाढण्याचा हक्क मागत होते.

१८५५ साली सरफोजीराजांचे पुत्र शिवाजीराजे निधन पावले. त्यांच्यामागे पुत्र नव्हता. कंपनीने उरलेली गादीही खालसा केली. दरबार मोडला, आश्रय संपला. आता महाराष्ट्राकडे परत जावयास कोणाची आडकाठी नव्हती. तरीही ही कुटुंबे मोठ्या संख्येने तेथेच राहिली. पावणेदोनशे वर्षांत त्यांची मुले कावेरीच्या पाण्यावर वाढली होती, आणि ‘आपला गाव’ म्हणताना त्यांच्या डोळ्यांपुढे भीमा येत नव्हती. कुंभकोणम् येथे १८२८ साली जन्मलेले टी. माधवराव हे अशाच मराठी घराण्यातले. ते त्रावणकोरचे, नंतर इंदूरचे आणि १८७५ पासून बडोद्याचे दिवाण झाले. मराठी संस्थानाला मराठी दिवाण मिळाला, पण तो आला कावेरीच्या काठाहून.

पाहुण्यांनीच यजमानाचे गुण घेतले, असे मात्र समजू नये. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातून तंजावरास गेलेल्या कीर्तनकारांची कीर्तने ऐकण्यास तमिळ श्रोत्यांची दाटी होऊ लागली. पूर्वरंग, उत्तररंग, मध्ये ओवी, साकी, दिंडी आणि हाती चिपळ्या, हा थाट त्यांना भारी आवडला. तंजावर कृष्ण भागवतर (१८४७-१९०३) या गुणी गायकाने तो अभ्यासिला, त्याला कर्नाटक संगीताची जोड दिली आणि तमिळ हरिकथेला नवे रूप आणले. सरस्वती महाल १९१८ साली सर्वांसाठी खुला झाला, तेव्हा कृष्ण भागवतर हयात नव्हते. पण त्यांची परंपरा चालू राहिली. आजही हरिकथा रंगात आली की कथेकऱ्याच्या हातातील चिपळ्या वाजू लागतात, दिंडीची चाल लागते आणि समोरची माणसे माना डोलवितात. ही चाल कोठून आली, हे त्यांतील पुष्कळांना ठाऊकही नसते.