मौनाची अट

आपल्याकडे क्रिकेटचे जे वेड आहे, तेच अमेरिकेत पिढ्यान् पिढ्या बेसबॉलचे आहे. या खेळाच्या मैदानात एका चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात. त्यांना बेस म्हणतात. एका बेसपासून पुढच्या बेसपर्यंतचे अंतर ९० फूट. फलंदाजाने चेंडू टोलवावा, क्रमाने पहिला, दुसरा व तिसरा बेस गाठावा आणि पुन्हा मूळ ठाण्यावर यावे, म्हणजे एक धाव पुरी होते. ही वाट अडविण्यासाठी बेसांच्या आसपास जे क्षेत्ररक्षक उभे असतात, त्यांचे काम मोठे जोखमीचे. टोलविलेला चेंडू निमिषार्धात त्यांच्यावर येऊन आदळतो. पाठोपाठ प्रतिस्पर्धी धावत, घसरत अंगावर येतो, आणि त्याच्या बुटांच्या तळाशी धातूचे खिळे असतात. अशाच जागी उभा राहून जॅकी रॉबिन्सनने दहा वर्षे आपला खेळ केला.

हा खेळ साऱ्या अमेरिकेचा म्हणून मिरवत असला, तरी १८८० नंतरच्या दशकापासून सुमारे साठ वर्षे त्यातील श्रेष्ठ संघांची दारे कृष्णवर्णीयांना बंद होती. तसा लेखी नियम नव्हता. संघांचे मालक मनोमन समजून होते, एवढेच. आणि जो नियम कोठेच लिहिलेला नाही, त्याच्याविरुद्ध दाद तरी कोणाकडे मागावी? कृष्णवर्णीय खेळाडूंचे संघ निराळे, त्यांच्या स्पर्धा निराळ्या. त्यांच्या स्पर्शाने जणू मैदानाला विटाळ होणार होता.

जॅकीचा जन्म ३१ जानेवारी १९१९ रोजी जॉर्जिया राज्यातील कैरो येथे झाला. त्याच्या आईचे आईवडील गुलामगिरीत जन्मलेले होते. वडील वाट्याने शेती करीत. ते घर सोडून निघून गेले. तेव्हा आई मॅली हिने १९२० साली पाच मुलांना घेऊन कॅलिफोर्नियातील पासाडेना गाठले आणि परक्या घरची धुणीभांडी करून मुले वाढविली. थोरला भाऊ मॅक याने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये २०० मीटरच्या शर्यतीत रौप्यपदक मिळविले. परत आल्यावर त्याच्या वाट्याला काम आले ते पासाडेनाचे रस्ते झाडण्याचे! धाकट्या भावाने हे डोळ्यांनी पाहिले होते. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात असताना जॅकी चार निरनिराळ्या खेळांत चमकला. पुढे तो सैन्यात अधिकारी झाला. १९४४ साली टेक्सासमधील तळावर एका बसचालकाने त्याला मागच्या बाकावर जाण्यास फर्माविले. त्याने साफ नकार दिला. त्याच्यावर लष्करी न्यायालयात खटला भरला गेला व तो निर्दोष सुटला. थोडक्यात, अपमान गिळून गप्प बसणे हे त्याच्या स्वभावातच नव्हते. पुढची हकीकत वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

२८ ऑगस्ट १९४५ रोजी ब्रुकलिन डॉजर्स संघाचा प्रमुख ब्रँच रिकी याने त्याला भेटीस बोलाविले. सुमारे तीन तास ही भेट चालली. मैदानावर, उपाहारगृहात, आगगाडीत त्याच्या वाट्याला कोणत्या शिव्या येतील, याची रिकीने स्वतःच सोंगे वठवून दाखविली. त्याची अट एकच होती: काहीही होवो, उलट हात उचलावयाचा नाही, उलट शब्द काढावयाचा नाही. एकदा जरी मारामारी झाली, तरी सारा दोष कृष्णवर्णीयांच्या माथी मारला जाईल आणि दार पुन्हा वर्षानुवर्षे बंद होईल, हे दोघांनाही कळत होते. जॅकीने अट मान्य केली.

१९४६ चा हंगाम तो माँट्रियलच्या दुय्यम संघाकडून खेळला. १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिनच्या एबेट्स फील्ड मैदानावर तो डॉजर्स संघातून उतरला. त्याच्या पाठीवर ४२ हा आकडा होता. त्याला जागा मिळाली पहिल्या बेसवर. ती त्याच्या सवयीची नव्हती. धावणाऱ्यांच्या बुटांचे खिळे मुद्दाम त्याच्या पायावर पडत. चेंडूफेके त्याच्या अंगावर नेम धरीत. जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रे येत. एप्रिलमध्येच फिलाडेल्फियाचा संघ आला. त्याचा व्यवस्थापक बेन चॅपमन आणि त्याचे खेळाडू यांनी इतकी अभद्र शिवीगाळ केली की, त्या दिवशी आपला निर्धार सुटण्याच्या बेतात होता, असे जॅकीने आत्मचरित्रात नमूद केले आहे. तो बोलला नाही. अखेर त्याचा सहकारी एडी स्टँकी उसळला. ज्याला उलट बोलता येते अशाच्या वाटेस जा, असे त्याने चॅपमनच्या माणसांना सुनावले. हंगाम संपला तेव्हा जॅकीच्या नावावर २९ चोरलेले बेस होते, म्हणजे प्रतिपक्षाची नजर चुकवून गाठलेले, आणि वर्षाचा सर्वोत्तम नवा खेळाडू हा मानही त्यालाच मिळाला.

१९४८ पासून तो दुसऱ्या बेसवर आला. शेजारी केंटकीचा पी वी रीस. दक्षिणेकडचा हा गौरवर्णीय. जॅकीला विरोध करण्यासाठी काही खेळाडूंनी काढलेल्या अर्जावर सही करण्याचे त्याने नाकारले होते. रीसने चेंडू अडवून फेकावा, जॅकीने बेसवर पाय टेकून तो झेलावा आणि अंगावर येणाऱ्याला चुकवीत पहिल्या बेसकडे भिरकवावा, की एकदम दोन गडी बाद! अशा जोडीत एकाने दुसऱ्यावर विश्वास टाकल्यावाचून चालतच नाही.

१९४९ च्या सुमारास रिकीने ती अट काढून घेतली. त्या वर्षी जॅकीची सरासरी .३४२ होती, म्हणजे हजार संधींत ३४२ यशस्वी टोले. या खेळात दहांत तीन साधले तरी फलंदाज थोर गणला जातो. लीगमधील सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. मात्र आता तो पंचांशी वाद घाली, टोमण्यास टोमणा देई, अन्यायाविषयी उघड बोले. जे त्याच्या मौनाची वाखाणणी करीत होते, त्यांतील कित्येकांना हा बोलका जॅकी रुचला नाही. सहनशीलता हाच त्याचा स्वभाव अशी त्यांनी समजूत करून घेतली होती!

त्याच्या क्षेत्ररक्षणाचा कळस ३० सप्टेंबर १९५१ रोजी फिलाडेल्फियात दिसला. हंगामाचा शेवटचा सामना. हरले तर सारे संपले. बाराव्या डावात प्रतिपक्षाचे गडी तिन्ही बेसांवर उभे होते. एक जमिनीलगतचा जोरकस टोला दुसऱ्या बेसजवळून निसटून चालला. जॅकीने अंग झोकून देऊन तो झेलला. कोपर पोटात रुतून तो काही वेळ जमिनीवरच पडून होता. चौदाव्या डावात त्याच्याच होम रनने सामना जिंकला गेला. पुढे १९५५ साली ब्रुकलिनने पहिले जागतिक अजिंक्यपद मिळविले. १९५६ च्या हंगामानंतर तो निवृत्त झाला आणि १९६२ साली त्याला बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात स्थान मिळाले.

मधुमेहाने पुढे त्याची दृष्टी अधू झाली. १५ ऑक्टोबर १९७२ रोजी सिनसिनाटी येथे त्याचा सत्कार झाला. आभार मानताना त्याने सांगितले की, एखाद्या संघाचे नेतृत्व कृष्णवर्णीय व्यवस्थापकाच्या हाती दिसेल, तेव्हा आपल्याला अधिक आनंद होईल. त्यानंतर नऊ दिवसांनी, वयाच्या ५३ व्या वर्षी, तो वारला. १९७४ साली क्लीव्हलँडच्या संघाने आपला व्यवस्थापक म्हणून फ्रँक रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूची नेमणूक केली. आडनाव तेच, नाते काही नव्हते.