ताडोबा : गाभा क्षेत्र की बफर?

प्रश्न : मे महिन्यात वृद्ध आईवडिलांसह ताडोबा व्याघ्र प्रकल्पात जायचे आहे, पण गाभा क्षेत्राचे आरक्षण मिळाले नाही. बफरमध्ये वाघ दिसत नाही, असे ऐकले. सहल रद्द करावी का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : सहल रद्द करण्याचे कारण नाही. गाभा क्षेत्र म्हणजे मानवी वापरापासून शक्य तितका मुक्त ठेवलेला भाग आणि बफर म्हणजे त्याभोवतीचा, जंगल व गावे शेजारी असलेला पट्टा. वाघाला ही सीमा ठाऊक नसल्याने आगरझरी, देवाडा, जुनोना या बफर प्रवेशद्वारांतूनही तो दिसतो, मात्र दर्शनाची हमी कोठेच नसते. मे महिन्यात पाणवठे आटतात, त्यामुळे उरलेल्या पाण्याजवळ प्राणी येण्याची शक्यता वाढते; परंतु ताडोबा ज्या चंद्रपूर जिल्ह्यात आहे, तेथील उन्हाळा अतिशय कडक असल्याने आईवडिलांसाठी पहाटेची सफारी फेरी निवडावी, पाणी व टोपी बाळगावी आणि उघड्या जिप्सीचे धक्के त्यांना सोसतील का, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. आरक्षण वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करून त्यात नोंदवलेले मूळ ओळखपत्र सोबत न्यावे. वाघामागे गाडी पळवण्याचा आग्रह न धरता गाइडला थांबायला सांगावे. चितळ-सांबरांचे ‘कॉल’, म्हणजे धोक्याचे इशारे, आणि धुळीतले ताजे ठसे वाचता आले, तर वाघ न दिसताही फेरी सार्थकी लागते.