ओल्या हवेतला गज

शास्त्रवाचन : १ राजे १०:११-१२, स्तोत्रसंहिता ३३:१-३, १ करिंथ १४:७-८

राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात शबाच्या राणीची गोष्ट चालू असतानाच मध्ये दोन वचनांत एका लाकडाची हकीकत येऊन जाते. हिरामाच्या गलबतांनी ओफिराहून अलमुग नावाचे लाकूड आणले. ते रक्तचंदन असावे असे पुष्कळ विद्वान मानतात. शलमोनाने ते मंदिराच्या व राजवाड्याच्या कामी लावले आणि गाणाऱ्यांसाठी तंतुवाद्येही त्याचीच करविली. पुढे लेखक मुद्दाम नोंद करतो की तसले लाकूड त्यानंतर पुन्हा आले नाही व कोणाच्या दृष्टीसही पडले नाही. राणीच्या थाटाकडे लक्ष असल्यामुळे आपण हे वचन सहसा वाचून पुढे जातो. परंतु उपासनेच्या वाद्याला लागणारे दुर्मिळ लाकूड संपले म्हणजे काय करावयाचे, हा प्रश्न त्यात दडलेला आहे, आणि तो आज आपल्यापुढे व्हायोलिनच्या गजाच्या रूपाने उभा आहे.

येथे इंदूरला विजय नगर भागात घरोघरी होणाऱ्या आमच्या प्रार्थनासभांत शब्बाथशाळेतील एक मुलगी व्हायोलिनवर भजनांची साथ करते. गेल्या पावसाळ्यात तिचा लाकडी गज एका अंगाला वाकला, केस सैल पडू लागले व सूर खरखरू लागला. दोघातिघांनी तिच्या सरावाला बोल लावला. तिने काही दिवस पेटीवाल्यालाच वाजवू द्यावे, असेही कोणी सुचविले. दोष सरावाचा नव्हता, हवेचा होता. नवा सिंथेटिक गज घ्यावा असा विषय निघाला तेव्हा दोन हरकती आल्या : देवाच्या सेवेत असली बनावट वस्तू कशाला, आणि दानाच्या पैशातून हा खर्च योग्य आहे काय. दोन्ही हरकतींचा विचार करण्यापूर्वी गज म्हणजे काय व तो बिघडतो कसा, हे शिक्षकांनी नीट समजून घ्यावे.

शास्त्रातील तंतुवाद्ये बोटांनी किंवा नखीने छेडण्याची होती. दावीद शौलापुढे हाताने वाजवीत असे, त्याच्याजवळ गज नव्हता. तारेवर केस घासून नाद काढण्याची रीत त्यानंतर कित्येक शतकांनी मध्य आशियाकडून पसरली. आपली सारंगीही गजानेच वाजते. आजचा व्हायोलिनचा गज फ्रान्सच्या फ्रान्स्वा झाव्हिए तूर्त (१७४७-१८३५) या कारागिराने ठरविलेल्या घाटाचा आहे. काठी आतल्या बाजूला वाकविलेली, लांबी सुमारे ७५ सेंटिमीटर, वजन ६० ग्रॅमच्या आसपास, आणि खाली घोड्याच्या शेपटीचे दीड-दोनशे केस. काठीला ही कमान उष्णता देऊन आणलेली असते. केस ताणले की कमान स्प्रिंगसारखी काम करते. काठी दमट हवेत ताणलेल्या स्थितीत राहिली म्हणजे लाकूड हळूहळू ही कमान सोडते किंवा पीळ घेते. मुलांच्या व्हायोलिनबरोबर येणारे स्वस्त गज साध्या लाकडाचे असतात, व तेच आधी वाकतात.

तूर्तने निवडलेले लाकूड ब्राझीलच्या समुद्रकाठच्या अरण्यातील पेर्नाम्बुको. या झाडाच्या लाल रंगासाठी पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी सोळाव्या शतकापासून ते इतके तोडले की त्याच्यावरून देशाचे नाव पडले आणि झाड मात्र विरळ झाले. २००७ साली वन्य जीवांच्या व वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याची नोंद झाली. अलमुगाचीच गोष्ट पुन्हा घडली म्हणा. (गाणाऱ्यांचा नायक आसाफ वेगळा, आणि नहेम्या २:८ मधील राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ वेगळा, पण गाणाऱ्याला वनाच्या रखवालदाराची गरज असते, हे त्या एका नावावरून वर्गात सांगता येईल.)

आता सिंथेटिक गजाविषयी. हे मुख्यतः दोन प्रकारचे. काचेच्या तंतूंचा, म्हणजे फायबरग्लासचा, आणि कार्बन फायबरचा. दोन्हींत बारीक तंतू राळेसारख्या रसायनात बसवून काठी घडवितात. असली काठी हवेतील ओल लाकडासारखी शोषून घेत नाही, म्हणून पावसाळ्यात तिची कमान टिकते. फायबरग्लास जरा जड व मऊ वाटतो, तारेवर चपळाईने उसळत नाही. परंतु लहान मुलांच्या हातून पडला तरी सहसा मोडत नाही. कार्बन फायबर हलका, ताठ आणि झटपट उत्तर देणारा. किंमत मात्र फायबरग्लासच्या कित्येक पट असू शकते. माझे मत विचाराल तर शब्बाथशाळेच्या दहा वर्षांखालील मुलांना फायबरग्लास पुरे, आणि जो नियमाने उपासनेत साथ करतो त्याला कार्बन द्यावा. पावसाळ्यासाठी स्वस्त लाकडी गज विकत घेणे ही काटकसर नव्हे.

पण येथे एक गोष्ट विकणारे क्वचितच सांगतात. काठी सिंथेटिक असली तरी केस बहुधा घोड्याचेच असतात, आणि केस ओलीने लांबतो. स्वित्झर्लंडच्या सोस्यूरने १७८३ च्या सुमारास याच गुणाचा उपयोग करून माणसाच्या केसाचे आर्द्रतामापक यंत्र बनविले. अगदी कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत नेल्यास असा केस शेकडा दोन-अडीच इतका लांबतो. गजाचे केस सुमारे ६५ सेंटिमीटर असतात. ते शेकडा एक जरी लांबले तरी साडेसहा मिलिमीटरची ढिलाई झाली! त्यामुळे कार्बनचा गजही श्रावणात सैल वाटेल व स्क्रू अधिक फिरवावा लागेल. तो नासला असे समजून दुकानदाराशी भांडू नये.

कोकणपट्टीत पाऊस आमच्या दुपटीतिपटीने पडतो, पण तेथील हवा बाराही महिने थोडीबहुत दमटच. माळव्यात तसे नाही. इंदूरचा पाऊस वर्षाकाठी नव्वद-पंचाण्णव सेंटिमीटर, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि मे महिन्यात हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. आमच्या गजाला दोन्ही टोके सोसावी लागतात. म्हणून केस बदलून घ्यावयाचे असतील तर कोणत्या ऋतूत बदलतो आहोत हे कारागिराला सांगावे. पावसाळ्यात आखूड बसविलेले केस उन्हाळ्यात आणखी आवळतात, स्क्रू पूर्ण सोडूनही सैल होत नाहीत, आणि काठीचे टोक ताणाखाली राहते. उलट उन्हाळ्यात फार लांब बसविले तर आषाढात स्क्रूचे फेरे संपतात आणि केस काही ताणले जात नाहीत.

गज घेताना वाजविणाऱ्या मुलाला बरोबर न्यावे. व्हायोलिन अर्धे किंवा पाऊण मापाचे असेल तर गजही त्याच मापाचा हवा. हातातल्या ठोकळ्याकडून टोकाकडे एक डोळा मिटून पाहावे. काठी डावीउजवीकडे गेलेली असू नये. केस वाजविण्याइतके ताणल्यावरही काठीची आतली कमान दिसली पाहिजे, आणि मध्यभागी केस व काठी यांत पेन्सिल जाईल एवढे अंतर पुरे. स्क्रू अडखळतो काय, तो लोखंडी असून गंजण्यासारखा आहे काय, हे पाहावे. केस बदलता येतात काय हा प्रश्न अवश्य विचारावा, कारण काही स्वस्त फायबरग्लास गजांत ते चिकटवून टाकलेले असतात व केस झिजले की गज फेकावा लागतो. आणि काळा रंग म्हणजे कार्बन नव्हे. आम्हालाही एका दुकानात रंगविलेला फायबरग्लास कार्बन म्हणून दाखविण्यात आला. वजन व ताठपणा दुसऱ्या गजाशी ताडून पाहिल्यावरच फरक कळला.

आता हरकती. बनावट वस्तूची हरकत आपल्याकडे नवी नाही. भजनाची जी पेटी आपल्याला आज घरची वाटते ती एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये जन्मली, आणि ऑल इंडिया रेडिओने तर १९४० पासून १९७१ पर्यंत तिला बंदी केली होती. तरी टिळकांची पदे तिच्यावरच पिढ्यान्‌पिढ्या गायिली गेली. पेटीचे सूर ठरलेले. भजनातील मींड व्हायोलिनवर जशी निघते तशी पेटीवर निघत नाही, म्हणून ही साथ जपण्यासारखी आहे. स्तोत्र ३३ कुशलतेने वाजविण्यास सांगते. काठी कशाची असावी याविषयी ते काही सांगत नाही. १ इतिहास १५:२२ मध्ये कनन्याला गायन शिकविण्याचे काम मिळाले, त्याचे कारण तो त्यात निपुण होता एवढेच दिले आहे. पौलही करिंथकरांना विचारतो की नादांत भेद कळला नाही तर काय वाजते आहे हे कसे समजावे. त्याचा विषय अन्य भाषांचा आहे हे खरे, तरी दृष्टान्त वाद्याचाच आहे, आणि खरखरणाऱ्या गजाला तो तंतोतंत लागू पडतो.

पैशाची हरकत मला अधिक वजनदार वाटते, कारण ते दान विधवेच्या दोन टोल्यांचेही असू शकते. त्यासाठी पंचांनी गज मंडळीच्या मालमत्तेत नोंदवावा, एका कुटुंबाची भेट म्हणून देऊ नये. ही मुलगी उद्या शिक्षणासाठी पुण्याला गेली तर तो पुढच्या मुलाच्या हाती जाईल. जुना चांगला लाकडी गज टाकूही नये. जाणता कारागीर उष्णतेने त्याची काठी सरळ करू शकतो, आणि हिवाळ्यात तो पुन्हा चालतो.

निगा थोडीच आहे, पण ती वाजविणाऱ्याने स्वतः करावी. वाजविणे संपताच स्क्रू सैल करावा, मग काठी कशाचीही असो. केसांना बोट लावू नये. दमट दिवसांत गडद व मऊ रोझिन चिकट होते, फिकट व कठीण घ्यावे. पेटाऱ्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि ती अधूनमधून बदलावी. पेटारा महिनोन्‌महिने बंद राहिल्यास किडे केस कुरतडतात, म्हणून आठवड्यातून एकदा तो उघडून हवा द्यावी. मे महिन्यात गज बंद मोटारीत ठेवू नये, कार्बनचासुद्धा. व्हायोलिनचे सरस ओलीने सुटू शकते, त्यावर सिंथेटिक गजाचा काही इलाज नाही.

शब्बाथशाळेत हा पाठ घेताना एक लांब केस खिळ्याला बांधून त्याच्या दुसऱ्या टोकाला हलके वजन लावावे, मागच्या कागदावर वजनाच्या तळाशी रेघ मारावी, आणि कोरड्या दिवशी व पावसाच्या दिवशी मुलांनाच मोजू द्यावे. मग १ राजे १०:१२ वाचून घ्यावे आणि विचारावे की अलमुग पुन्हा आले नाही, तेव्हा मंदिरातल्या गाणाऱ्यांनी पुढे काय केले असेल.