कपाटातला फ्रिज बदलताना

नागपूरच्या इतवारीत दुकाने दाटीची. समजा, औषधांच्या दुकानात लाकडी कपाटात बसवलेला फ्रिज बिघडला. आता तो बदलायचा कसा?

आधी औषधे हलवा. इन्शुलिनला 2 ते 8 अंश थंडी लागते. ते बर्फाच्या पेटीत ठेवा. पण बर्फाला चिकटू देऊ नका. गोठले की औषध फुकट गेले!

मग पिन काढा. फ्रिज ओढताना मागची नळी वाकवू नका. आत गॅस असतो. पुष्कळ नव्या फ्रिजांत आयसोब्युटेन असतो. तो पेट घेतो. विडीकाडी लांबच बरी.

नवा फ्रिज उभाच आणा. मागे वारा खेळायला जागा सोडा. उष्णता कोंडली तर नागपूरच्या उन्हाळ्यात तो थंड कसा होणार? आत थर्मामीटर ठेवा. पारा 2 ते 8 मध्ये टिकला, की मगच औषधे आत.