मस्तकातील ठेवा

यवतमाळ जिल्ह्यात वणीजवळ राजूर नावाचे गाव आहे. दगडी कोळशाच्या खाणी आणि चुन्याच्या भट्ट्या यांमुळे त्याचे नाव परिसरात सर्वतोमुखी झाले. खाणीत उतरणारा कामगार प्रथम डोक्यावर टोप चढवितो, त्यावरील दिवा लावून पाहतो आणि मगच अंधारात पाऊल टाकतो. हा टोप केवळ दिवा अडकविण्यासाठी नसतो. त्याच्याखाली जो अमोल ठेवा असतो, त्याच्या रक्षणासाठी तो असतो. हा ठेवा म्हणजे मेंदू.

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम असते. सर्व शरीराच्या मानाने हा भार अगदी अल्प. परंतु विश्रांतीच्या वेळीही शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा जवळजवळ पाचवा हिस्सा मेंदू एकटाच घेतो. त्याचा रक्तपुरवठा पूर्णपणे थांबला, तर काही सेकंदांतच मनुष्याची शुद्ध हरपते.

मेंदूचे तीन मुख्य भाग मानतात. सर्वांत वरचा तो मोठा मेंदू. त्याचा पृष्ठभाग अक्रोडाच्या गरासारखा वळ्यावळ्यांचा दिसतो. आजीचे नऊवारी लुगडे घड्या घातल्यामुळे लहानशा पेटीत मावते; त्याचप्रमाणे या वळ्यांमुळे मेंदूचा विस्तृत पृष्ठभाग कवटीत सामावतो. विचार, स्मरण, भाषा, पाहणे व ऐकणे ही कामे मुख्यतः येथे चालतात. याची दोन अर्धे असून डावा अर्ध शरीराच्या उजव्या बाजूचे आणि उजवा अर्ध डाव्या बाजूचे नियंत्रण करतो. मागच्या बाजूस, खाली, लहान मेंदू असतो. डोक्यावर घागर घेऊन बांधावरून चालणारी स्त्री तोल सावरते, ती याच्याच बळावर. त्याच्यापुढे लंबमज्जा असते. श्वसन आणि हृदयाचे ठोके यांवर ती अहोरात्र लक्ष ठेवते. आपण झोपतो, ती झोपत नाही.

मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी आहेत. प्रत्येक पेशी इतर अनेक पेशींशी जोडलेली असते आणि या जोडण्यांतून संदेशांची सतत ये-जा चालते. आपण एखादा धडा पुन्हा पुन्हा वाचतो, तेव्हा यांपैकी काही जोडण्या दृढ होतात. अभ्यास म्हणतात तो हाच.

एवढा मोलाचा ठेवा निसर्गाने उघड्यावर ठेवलेला नाही. आठ हाडांची कवटी, तिच्या आत तीन आवरणे आणि त्यांत खेळणारा द्रव, असा त्याचा बंदोबस्त आहे. तरीही मेंदू अतिशय मऊ असतो. दह्याचा डबा घेऊन आपण बैलगाडीत बसलो आणि गाडीला हिसका बसला, तर डबा शाबूत राहतो, पण आतले दही मोडते. वेगाने जाणारे डोके एकाएकी थांबले, म्हणजे मेंदूचीही तीच गत होते. बाहेर जखम दिसत नाही, आणि आत मात्र घात झालेला असतो.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या बाबतीत असेच घडले. त्याचे वडील खाणकामगार होते. मुलगा मोटारसायकलवरून पडला, तेव्हा शिरस्त्राण त्याच्या डोक्यावर नव्हते. ते गाडीच्या आरशाला लटकत होते. मेंदूच्या डाव्या बाजूस इजा झाली. शस्त्रक्रियेने प्राण वाचले. परंतु उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. मी भेटीस गेलो, तेव्हा त्याने मला ओळखले. डोळे भरून आले. ओठ हालले, पण शब्द उमटेना. काय करावे ते न सुचून मी हळूच म्हणालो, “बे एके बे.” आणि काय आश्चर्य! तो पुढे म्हणू लागला, आणि “बे दाहे वीस” येथवर न अडखळता पोहोचला. मग मी त्याचे नाव विचारले. ते मात्र त्याला सांगता आले नाही.

याचे कारण असे. पॅरिसमधील पॉल ब्रोका या शल्यवैद्याने १८६१ साली दाखवून दिले, की मेंदूच्या डाव्या अर्धाच्या पुढील बाजूस वाणीशी संबंधित असा एक भाग आहे. तो दुखावला, तर मनातले शब्द जुळवून बोलणे कठीण होते. परंतु लहानपणी घोकलेले पाढे वा प्रार्थना पुष्कळदा शिल्लक राहतात.

आपल्या देशात मेंदूच्या शस्त्रक्रियेचे स्वतंत्र विभाग स्वातंत्र्यानंतर उभे राहिले. १९४९ साली वेल्लोर येथे डॉ. जेकब चँडी यांनी आणि १९५१ साली मुंबईत डॉ. राम गिंडे यांनी हे कार्य आरंभिले. आज असे उपचार नागपुरातही होतात. तथापि मेंदूच्या नष्ट झालेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी सहसा येत नाहीत. उरलेल्या पेशी नवे दुवे जोडून गेलेले काम थोडेथोडे उचलतात, आणि तेही अखंड सरावाने. माझा विद्यार्थी दीड वर्ष एकेक शब्द पुन्हा शिकला. आजही बोलताना तो मध्येच थांबतो आणि शब्द शोधतो.

त्याच्या वडिलांचे उद्गार मी विसरलेलो नाही. “गुर्जी, टोप नसला तं मले खानीत उतरू देत नव्हते. सडकेवर याले कोनं अडवावं?”

या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने स्वतःच द्यावयाचे आहे. ‘शिर सलामत तर पगडी पचास’ अशी म्हण आहे. आज ती उलटूनही म्हणावी लागेल : पगडी डोक्यावर, तर शिर सलामत!

शब्दार्थ
सर्वतोमुखी – सर्वांच्या तोंडी असलेले. अमोल – ज्याचे मोल करता येत नाही असा. शिरस्त्राण – डोक्याचे रक्षण करणारा टोप. शल्यवैद्य – शस्त्रक्रिया करणारा वैद्य. तथापि – तरीसुद्धा.

स्वाध्याय
१. मेंदूचे तीन भाग व त्यांची कामे थोडक्यात लिहा.
२. लेखकाने दह्याच्या डब्याचे उदाहरण कशासाठी दिले आहे?
३. विद्यार्थ्याला पाढा म्हणता आला, पण नाव सांगता आले नाही. का?
४. वडिलांचा प्रश्न प्रमाण मराठीत लिहा व त्याचे उत्तर पाच ओळींत द्या.